बाईंची ‘समजा’ आणि माझे संख्याशास्त्र

गणिताच्या बाई अप्रत्यक्ष सिद्धता शिकवत, तेव्हा फळ्यावर पहिला शब्द असे ‘समजा’. २ चे वर्गमूळ अपरिमेय आहे हे दाखवायचे, आणि सुरुवात मात्र ‘समजा, ते परिमेय आहे’ अशी. जे खोटे पाडायचे तेच खरे कशाला धरायचे, असे वर्गात कुणीतरी दरवर्षी विचारायचेच. बाईंचे उत्तरही ठरलेले: “धर रे आधी. त्याला त्याच्याच वाटेने जाऊ दे, कुठे अडकते ते बघू.” चार-सहा ओळींत ते अडकायचे आणि बाई खडू खाली ठेवायच्या.

पुढे संख्याशास्त्र हाच माझा व्यवसाय झाला. परिकल्पनेची चाचणी, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांवरून एखादी समजूत टिकते का ते तपासणे, शिकताना माझे सोबती गोंधळले होते; मला मात्र ती ओळखीची वाटली, कारण तिची सुरुवातही ‘समजा’नेच होते. औषधाचा काही उपयोग नाही, समजा. नाणे सरळ आहे, समजा. याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग हाती आलेली माहिती त्या समजुतीत कितपत बसते ते पाहायचे. फरक एवढाच, की बाईंच्या फळ्यावर शेवटी अशक्य काहीतरी निघे. इथे निघते ते फक्त दुर्मिळ. हा ‘फक्त’ पचायला मला बरीच वर्षे लागली.

याचे सर्वांत देखणे उदाहरण संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात दिले आहे. कपात दूध आधी ओतले की चहा, हे चवीवरून ओळखता येते असा एका बाईंचा दावा होता. त्यांचे नाव म्युरिएल ब्रिस्टल, स्वतः शैवालांच्या अभ्यासक. फिशर यांनी प्रयोग मांडला तो असा: आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. दूध आधीचे चार कप निवडायचे. आठातून चार निवडण्याचे प्रकार ७०, आणि पूर्ण बरोबर त्यांतला एकच. म्हणजे काहीही न कळता निव्वळ नशिबाने सगळे जमण्याची शक्यता १/७०, साधारण १.४ टक्के. चारांपैकी निदान तीन ओळखणे मात्र नशिबानेही ७० पैकी १७ वेळा जमते, तेव्हा एक चूक झाली की पुरावा संपला. कप सहाच घेतले असते तर निवडीचे प्रकार २० झाले असते. अगदी निर्दोष निकालही, शून्य परिकल्पना फेटाळायला सहसा वापरतात त्या पाच टक्क्यांच्या सीमेच्या काठावरच बसला असता. कप किती घ्यायचे हे प्रयोगाच्या आधी ठरवावे लागते ते यासाठी. मला यातले सगळ्यात जास्त आवडते ते हेच: हिशेब चव घेण्याआधी पुरा झालेला असतो.

ती १.४ टक्के म्हणजे पी-मूल्य. शून्य परिकल्पना खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता’ असा त्याचा अर्थ नव्हे, पण शिकलेली माणसेही तसाच लावतात. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली यावर जाहीर निवेदन काढावे लागले, यातच काय ते आले. पाच टक्के ही सीमाही निसर्गनियम नाही, रूढी आहे. २०१२ मध्ये हिग्ज हा मूलकण सापडल्याची घोषणा करताना भौतिकशास्त्रज्ञांनी ३५ लाखांत एक इतकी कडक अट लावली होती.

उलट बाजू लोक विसरतात. शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही म्हणजे ती सिद्ध झाली, असे नाही. दर शंभरात ६० वेळा छापा पाडणारे एखादे वाकडे नाणे घ्या. दहाच वेळा उडवले, तर पाच टक्क्यांच्या नियमाने नऊ किंवा दहा छापे पडल्याशिवाय आपण त्याला वाकडे म्हणणार नाही. आणि या नाण्याला ते शंभरातून पाच वेळाही जमत नाही. शंभर वेळा उडवा, मग ५९ छापे पुरतात आणि चोर साधारण ६२ टक्के वेळा सापडतो. नसलेला दोष दिसणे ही पहिल्या प्रकारची चूक, असलेला दोष निसटणे ही दुसऱ्या प्रकारची. ही विभागणी येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांची. फिशरना त्यांची पद्धत मुळीच मान्य नव्हती. तिघेही काही काळ लंडनच्या एकाच कॉलेजात होते आणि भांडण आयुष्यभर चालले. आजची पाठ्यपुस्तके दोन्ही मते एकाच भांड्यात ढवळून वाढतात, हे दोघांच्याही पक्षाला रुचले नसते.

सध्याच्या दहावीच्या वर्गाला एक प्रयोग सुचवतो. साठ मुलांनी प्रत्येकी एक साधे नाणे दहा वेळा उडवावे. एका मुलाला नऊ किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता १०२४ पैकी ११, जेमतेम एक टक्का. पण साठांपैकी निदान एकाला तसे पडण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपास आहे. तसा कुणी निघालाच, तर त्याचे नाणे खोटे ठरवण्याआधी उरलेल्या सगळ्यांचे आकडेही फळ्यावर लिहून घ्यावेत, आणि मग त्यालाच तेच नाणे पुन्हा दहा वेळा उडवायला सांगावे.