५२ डॉलर आणि रात्रीचा ट्रॅक्टर

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सार्वजनिक ट्रेलवर (जंगलातल्या आखलेल्या वाटेवर) स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, चालवायची तर तिच्या पुढच्या भागावर ५२ डॉलरचा स्टिकर असावा लागतो. ट्रेल परमिट. १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं त्याचं वर्ष. राज्यातले असा की बाहेरचे, दर एकच. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये बाहेरच्यांना जास्त पडतात आणि एखाद्या स्नोमोबाईल क्लबचे सभासद असाल तर बरेच कमी. ही माहिती मला तोंडपाठ व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण नवऱ्याच्या एका मित्राने (नाव घेत नाही, तो हे वाचणार आहे) डेट्रॉइटजवळच्या नोव्हायपासून उत्तरेला म्युनिसिंगपर्यंत सहा तास याच विषयावर कीर्तन केलं.

आम्ही तिथे स्नोमोबाईल भाड्याने घेणार होतो. भाड्याच्या गाड्यांवर स्टिकर आधीच चिकटवलेला असतो, म्हणजे वेगळे पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता. तरी त्याचं चालूच. "वहिनी, फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार सगळं माफ असतं. रजिस्ट्रेशन नको, परमिट नको. तेव्हा आलो असतो तर?" अरे, भाडेवाला त्या दिवशी भाडं कमी करतो का? उलट गर्दी बघून चढवेल. हे त्याला गेलॉर्डच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सांगून झालं. मॅकिनॉ पुलावर ४ डॉलर टोल पडला, तो मात्र त्याने निमूटपणे दिला. पूल पाच मैलांचा आहे आणि खाली बर्फाने गोठलेली सामुद्रधुनी दिसते, तिथे कोण हुज्जत घालणार! पुढे सीनीचा पंचवीस मैल सरळसोट रस्ता आला आणि तेवढा वेळ तो झोपला. प्रवासातला सगळ्यात सुखाचा टप्पा.

शनिवारी सकाळी लवकर निघालो. झाडांमधून जाणारी रुंद, सपाट वाट, तिच्यावर बारीक समांतर रेघा, कडेला खांबांवर नारिंगी चौकटी. अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा, हँडलच्या मुठी गरम, पायाशी इंजिनाची ऊब. मला वाटलं होतं थंडीने मरेन, तर घामच आला. समोरून येणारे लोक हात वर करून आपल्या मागे अजून किती जण आहेत ते बोटांनी सांगतात, शेवटचा नुसती मूठ दाखवतो. अनोळखी माणसांची ही शिस्त मला फार आवडली.

दुपारी दोननंतर मात्र त्याच वाटेने जीव नकोसा केला. दर दहा फुटांवर उंचवटा, मग खड्डा, परत उंचवटा. प्रत्येक जण त्याच जागी वेग घेतो, त्याच जागी ब्रेक लावतो, आणि शनिवारच्या गर्दीत शेकडो गाड्यांनी तेच केलं की बर्फाच्या लाटा तयार होतात. गाडी उडते, आपटते, आपणही आपटतो. दीड तासात कंबरेचे टाके ढिले झाले. आमचे मित्र हेल्मेट काढून पहिलं वाक्य काय बोलले असतील? "हेच का ते ५२ डॉलरचं?" खरं सांगते, त्या क्षणी मला ते पटलं होतं.

रात्री दहाच्या सुमारास मी मोटेलसमोरच्या पेट्रोल पंपावर गरम पाणी आणायला गेले. (मोटेलच्या खोलीत किटली नव्हती. कॉफीच्या यंत्रातून काढलेल्या पाण्याचा चहा मी पीत नाही, कितीही थंडी असो.) पंपावर चाकांऐवजी पट्टे लावलेला एक भलामोठा ट्रॅक्टर उभा होता, मागे बसच्या लांबीचा लोखंडी सांगाडा. हाच तो ग्रूमर, ट्रेल पुन्हा सपाट करणारा. चालवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे, कॉफी पीत उभे होते. मी नुसतं "हा रात्रीच का चालवता?" विचारलं आणि त्यांची कळी खुलली.

रात्री गर्दी नसते, हे एक कारण. खरं कारण थंडी. उकरलेला बर्फ पसरून दाबल्यावर त्याला घट्ट व्हायला काही तास लागतात. मागोमाग एखादी स्लेड, म्हणजे स्नोमोबाईल, गेली की केलेलं सगळं वाया. टॉर्च घेऊन त्यांनी मला सांगाडा दाखवला. पुढे तिरक्या पात्यांच्या रांगा, त्या उंचवटे मुळापासून कापतात, बर्फ उलटापालटा करत मागे सरकवतात आणि शेवटचं जड पत्र्याचं ताट तो दाबत जातं. आमच्याकडे साताऱ्याला कुळव मारून वर फळी फिरवतात, अगदी तेच. फरक इतकाच की हे रोज रात्री, ताशी सात-आठ मैलांनी, सकाळपर्यंत. एका पात्याचं टोक तुटलेलं होतं. कुणीतरी बर्फाखाली दगड आणून ठेवल्यासारखं ते बोलले, इतका त्यांना त्या दगडाचा राग.

मग मी पैशांचं विचारलं. परमिटचे पैसे राज्याकडे जमा होतात, नोंदणीच्या फीतलेही, आणि ट्रेल सांभाळणाऱ्या क्लबला किती मैल ग्रूमिंग केलं त्या हिशोबाने मिळतात. नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर दोन-अडीच लाख डॉलरच्या खाली गोष्ट नाही, त्यालाही हाच निधी. पण फांद्या छाटायच्या, वाहून गेलेले छोटे पूल दुरुस्त करायचे, खांब रोवायचे, हे ऑक्टोबरात क्लबची माणसं आपापली करवत घेऊन फुकट करतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात बर्फच पडला नाही. ट्रॅक्टर शेडमध्ये, मोटेलं रिकामी. बर्फ नाही म्हणजे परमिट कोण घेणार? आणि शेडमधल्या ट्रॅक्टरची देखभाल काही थांबत नाही.

सगळ्यात जास्त ते बोलले जमिनींबद्दल. मिशिगनच्या स्नोमोबाईल ट्रेलपैकी निम्म्याच्या आसपास खासगी जमिनीतून जातात. लाकूड कंपन्या, शेतकरी, साधी घरं असलेली माणसं. त्यांनी हो म्हटलं म्हणून वाट आहे. एखादा शहाणा वाट सोडून कुणाच्या कोवळ्या रोपांवरून गाडी नेतो, मालक दुसऱ्या वर्षी फाटकाला साखळी लावतो, आणि क्लबला दहा मैलांचा वळसा शोधावा लागतो. "ते काही ५२ डॉलरमध्ये बसत नाही," म्हणाले, आणि कॉफीचा कप टाकून वर चढले.

खोलीत येऊन हे सगळं सांगितलं तर आमच्या मित्राने तोवर फोनवर पळवाट शोधली होती: गोठलेल्या तळ्यावर फक्त मासेमारीसाठी स्नोमोबाईल नेली तर परमिट लागत नाही. "पुढच्या वेळी गळ घेऊन येऊ." हा माणूस शुद्ध शाकाहारी आहे. दुपारी पेस्टी (तिकडची मोठ्या करंजीसारखी, आत सारण भरलेली) खाताना आत मांस नाही ना, म्हणून त्याने ती काट्याने चिरून बघितली होती.

मला टोलचा राग येतो, नाही असं नाही. पुणे-मुंबई रस्त्यावर घाटात तासभर अडकून पूर्ण टोल भरला की आपोआप तोंडात शिव्या येतात. पण कासला फुलांच्या हंगामात शुल्क घेतात तेव्हा माझ्या माहेरचे लोक जे बोलतात, ते मला कधीच पटलेलं नाही. तिथे आजूबाजूच्या गावांच्या वन समित्या पठार सांभाळतात, गाड्या अडवतात, फुलांत शिरणाऱ्यांना हाकलतात. त्यांनी हे सगळं पुण्याच्या पाहुण्यांसाठी फुकट का करावं? म्युनिसिंगलाही माझं तेच म्हणणं. उलट ५२ डॉलर कमी आहेत. शनिवारी रात्री आम्ही चौघांनी बर्गर आणि बियरवर त्याच्या तिप्पट घालवले, आणि बर्गर बेताचाच होता.

रविवारी सकाळी ट्रेल पुन्हा सपाट होती. दुपारपर्यंत आम्हीच ती परत उकरली. परतीचा प्रवास काही आठवत नाही, पाठीवर गरम पाण्याची पिशवी होती एवढंच.

आता त्या मित्राला स्वतःची जुनी स्लेड घ्यायची आहे. एक्सेलमध्ये तक्ता केलाय: गाडी, ट्रेलर, विमा, तीन वर्षांची नोंदणी ३० डॉलर, परमिट ५२. मी त्यात क्लबच्या वर्गणीची एक ओळ घातली. त्याने ती "ऐच्छिक" रकान्यात सरकवली आहे.