सोडियम ११३

त्या चौसष्ट वर्षांच्या बाईंना पहाटे अपघात विभागात आणले, तेव्हा त्यांना दोन तासांत तिसरी आकडी येऊन गेली होती. जुन्या चिठ्ठीवर आठच दिवसांपूर्वी ऑक्सकार्बाझेपिन या आकडीवरच्या औषधाची मात्रा वाढवलेली दिसत होती. आकडी आली की गोळी वाढवायची हा आमच्या व्यवसायातला रूढ हिशेब आहे, आणि माझाही हात त्याच दिशेने निघाला होता. तेवढ्यात प्रयोगशाळेने रक्तातले १३५ ते १४५ असायला हवे ते सोडियम ११३ असल्याचे कळवले. एवढे उतरलेले सोडियम स्वतःच आकडी आणते.

मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांतील पेशी ॲक्वापोरिन-२ ही पाणी वाहून नेणारी प्रथिने आत राखून ठेवतात आणि पाणी राखायला सांगणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा निरोप आला की पृष्ठभागावर आणतात. मग मूत्रात जाऊ पाहणारे पाणी या दरवाजांतून रक्तात परतते आणि तिथले सोडियम पातळ होते. ऑक्सकार्बाझेपिन किंवा त्याच्याच कुळातले कार्बामाझेपिन घेणाऱ्या काही रुग्णांत, विशेषतः वयस्करांत, हे दरवाजे नको तेव्हाही उघडे राहतात. त्यात बाईंच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे सोडियम घालवणारे क्लोरथॅलिडोन होते, आणि सून म्हणाली, "गोळ्या उष्ण पडतात ना डॉक्टर, म्हणून मी आईंना रोज पाच-सहा तांबे पाणी पाजत होते."

तीन टक्के मिठाच्या तीव्र सलाईनचे शंभर मिलिलिटर दहा मिनिटांत दिले आणि आकड्या थांबल्या. दोन्ही गोळ्या बंद करून लेव्हेटिरासेटाम हे आकडीवरचे दुसरे औषध सुरू केले. खरी परीक्षा संध्याकाळी झाली. उघडे दरवाजे मिटू लागले, तासाला अडीचशे मिलिलिटर पाण्यासारखी लघवी होऊ लागली आणि सोडियम १२१ वर पोहोचले. चोवीस तासांत आठाहून अधिक वाढू द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले होते, कारण फार वेगाने चढलेले सोडियम मेंदूतील मज्जातंतूंचे आवरण कायमचे उद्ध्वस्त करू शकते. सोडियम थोपवायला मी पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे मीठ नसलेले साखरेचे पाणी, शिरेतून लावायला सांगितले, तेव्हा रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना ते उलटेच वाटले. सोडियम वाढतेय हे चांगलेच नाही का, असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना आकडा वाढवायला शिकवतो, थोपवायला शिकवत नाही.

बाई सहाव्या दिवशी चालत घरी गेल्या. मात्रा वाढवणाऱ्याने आठवड्याने सोडियम तपासायला सांगितले असते तर हे टळले असते, असे मी दोनतीनदा म्हणालो. मग त्यांचे घरी सोडण्याचे कार्ड लिहिताना तळाशी छापलेली ओळ दिसली: 'भरपूर पाणी प्यावे.' ती मी पेनने खोडली. गठ्ठ्यातल्या बाकीच्या कार्डांवर ती तशीच आहे.