मधल्या किमतीचं वॉशिंग मशीन आणि ड्रायर: घेण्याआधी काय तपासायचं

फ्रंट लोड वॉशिंग मशीन अकाली भंगारात निघतं, तेव्हा त्यामागे बरेचदा ड्रमचं बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ते पोलादी गोळ्यांचं कडं असतं. ड्रमच्या मागच्या शाफ्टवर दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यापुढे एक रबरी सील. पाणी अडवायचं काम सीलचं. सील झिजलं की साबणाचं पाणी थेंबाथेंबाने आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या गंजतात. सुरुवातीला कपडे पिळताना नुसती घरघर ऐकू येते. मग ती वाढत जाते आणि शेवटी शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येऊ नये एवढा आवाज होतो.

बेअरिंग आणि सील हे दोन्ही भाग मुळात स्वस्त. खरी अडचण तिथवर पोचण्याची. ड्रमभोवतीचा बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन अर्धुकांचा असतो. ती स्क्रूने जोडलेली असतील, तर मेकॅनिक टब उघडतो, जुनं बेअरिंग ठोकून काढतो आणि नवं बसवतो. पण कारखान्यातच ती वितळवून एकजीव केली असतील, तर अख्खा टब ड्रमसकट बदलावा लागतो. तो खर्च ऐकून बहुतेक जण नवीन मशीनच बघायला लागतात.

म्हणून पहिला प्रश्न हाच: टब स्क्रूचा की सीलबंद? दुकानातल्या माणसाला हे सहसा सांगता येत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, मॉडेलचा पूर्ण नंबर सांगा आणि विचारा, ‘बेअरिंग आणि सील सुटं मिळतं, की टब असेंब्लीच घ्यावी लागते?’ मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षं मिळतील, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून याचा नियमच आहे. मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं पंप, मोटर, शॉक अब्सॉर्बर, स्प्रिंग, ड्रम, बेअरिंग असे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. मात्र ड्रम आणि बेअरिंग एकत्र विकायची मुभा त्या नियमातही आहे, त्यामुळे टबाचा प्रश्न तिथेही विचारावाच लागतो.

मोटरवर १० वर्षांची वॉरंटी बघून भुलू नका. मोटर हा मशीनमधल्या सर्वांत टिकाऊ भागांपैकी एक आहे. बिघडतात ते ड्रेन पंप, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, दरवाजाचं लॉक, सर्किट बोर्ड आणि शॉक अब्सॉर्बर, आणि यांच्यावरची वॉरंटी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांतच संपते. मजुरी कोण देणार हेही वॉरंटीच्या कागदावर वाचा. इन्व्हर्टर मोटर घ्यावी, कारण आवाज कमी होतो आणि कार्बन ब्रश बदलावे लागत नाहीत. बेल्ट नसलेल्या डायरेक्ट ड्राइव्हसाठी वेगळे पैसे मोजायची मात्र गरज नाही. बेल्ट हा मशीनमधल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे.

दुकानात गेल्यावर पॅनेलवरचे वीस प्रोग्रॅम राहू द्या आणि खाली वाका. समोर खालच्या कोपऱ्यात ड्रेन पंपाच्या फिल्टरचं झाकण असतं. ते हाताने किंवा नाण्याने उघडतं का, आतलं बूच सहज फिरतं का आणि शेजारी साचलेलं पाणी काढायची छोटी नळी आहे का, ते पाहा. काही मॉडेलना बाहेरून उघडणारा फिल्टरच नसतो, ती सरळ बाद करावीत. नाणं, हेअरपिन, बटण, लहान मुलाचा मोजा हे सगळं शेवटी इथेच येऊन अडकतं. पंपाचं पातं जाम झालं की मशीन पाण्याने भरलेलं तसंच उभं राहतं. फिल्टर हाताशी असेल तर दहा मिनिटांत काम होतं, नाहीतर मशीन आडवं करून खालून खोलावं लागतं.

मग दरवाजा उघडा, ड्रमची वरची आतली कड धरा आणि वर उचला. ड्रम आणि टब मिळून स्प्रिंगवर हलायला हवेत. ड्रम एकटाच खटकन हलला, तर बेअरिंग सैल झालं आहे. मांडणीतला पीस किंवा वापरलेलं मशीन घेताना ही चाचणी चुकवू नका. दरवाजाच्या रबराची घडी बोटाने उलटी करून पाहा. तळाशी पाणी निथळायला भोकं असावीत, नाहीतर तिथे पाणी साचतं आणि काळी बुरशी धरते.

क्षमतेचा किलो हा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा असतो आणि तोही सुती प्रोग्रॅमसाठी. सिंथेटिक कपड्यांना साधारण निम्मा धरा, लोकरीला दोनेक किलो. कपडे टाकल्यावर वरच्या बाजूला आडवा हात सहज जाईल एवढी जागा उरली पाहिजे. उलट एकच जड चादर टाकली तरी मशीन अडतं. वजन एका बाजूला जातं, ड्रम पुन्हा पुन्हा सावरायचा प्रयत्न करतो आणि शेवटी न पिळताच थांबतो. हा बिघाड नाही, दोन टॉवेल सोबत टाकले की काम होतं.

ड्रायर घ्यायचा असेल, तर आधी मशीनच्या पिळण्याकडे बघायला हवं. मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वेगाने पिळलं तर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी उरतं, १४०० फेऱ्यांना ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ५ किलो कपड्यांत ३ लिटरऐवजी अडीच लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६ युनिटहून जास्त उष्णता लागते आणि साध्या हीटरच्या ड्रायरला वाया जाणारी उष्णता धरून आणखी. तेवढंच पाणी पिळून काढायला मोटरला त्याच्या मानाने नगण्य वीज पुरते. म्हणून १२०० फेऱ्यांच्या खाली जाऊ नये असं माझं मत. टॉप लोड मशीन लवकर धुतं, वाकावं लागत नाही, मध्येच कपडा टाकता येतो, हे सगळं खरं. पण त्याच्या फेऱ्या बहुधा ७०० ते ८०० असतात आणि उरलेल्या पाण्याचा भार ड्रायरवर येतो.

ड्रायरचे मुख्य प्रकार तीन. पहिला गरम दमट हवा पाइपने घराबाहेर सोडतो. किंमत कमी, बनावट साधी, पण सगळं यश त्या पाइपवर. पाइप साधारण १० सेंटीमीटर व्यासाचा, आतून गुळगुळीत धातूचा आणि शक्य तितका आखूड व सरळ असावा. प्लॅस्टिकचा किंवा पातळ फॉइलचा चुण्यांचा पाइप नकोच. चुण्यांत कपड्यांची लव साचते आणि ती लव चटकन पेट घेते. या ड्रायरची नेहमीची तक्रार ‘ड्रम फिरतो पण गरम होत नाही’ अशी असते. पाइप तुंबला की आतलं तापमान चढतं आणि थर्मल फ्यूज उडतो. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो. मेकॅनिक फ्यूज बदलून गेला आणि पाइप तसाच राहिला, तर नवा फ्यूजही उडणार. त्यामुळे फ्यूज बदलताना पाइप काढून साफ करून घ्या आणि बाहेरच्या तोंडाची झडप मोकळी उघडते ना तेही बघा.

दुसरा कंडेन्सर ड्रायर. हा वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो, पाइप लागत नाही, पण खोली तापते, म्हणून हवा खेळती हवी.

तिसरा हीट पंपाचा. तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरत असल्यामुळे वीज कंडेन्सरच्या निम्म्याच्या आसपास लागते आणि तापमान ५० ते ६० अंशांच्या घरात राहत असल्यामुळे कपडे कमी झिजतात. वेळ मात्र जास्त, दोन तास किंवा त्याहूनही अधिक. आठवड्यात तीन-चार वेळा ड्रायर लावणाऱ्या घराने हाच घ्यावा. फक्त एक गोष्ट बारकाईने बघा. थंड होणाऱ्या जाळीवर लव चिकटते आणि वर्षागणिक वाळवायचा वेळ वाढत जातो. काही मॉडेलमध्ये खालचं झाकण उघडून ही जाळी मऊ ब्रशने स्वतः साफ करता येते. काहींमध्ये मशीन ती आपोआप धुतं आणि आपला हात तिथे पोचतच नाही. ही सोय ऐकायला छान वाटते, पण जाळी तुंबलीच तर मेकॅनिकशिवाय इलाज नसतो. हाताने उघडणारी जाळी घ्या.

धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं मशीन जागा अगदीच नसेल तरच घ्यावं. धुतो ८ किलो आणि वाळवतो ५ किलो, असा हिशेब असतो. म्हणजे भरून धुतलं की तीन किलो कपडे बाहेर काढून दोन खेपांत वाळवायचे. शिवाय एक बिघडलं की दोन्ही कामं बंद.

ड्रायरमध्ये ओलावा ओळखणारा सेन्सर हवाच, नुसता टायमर नको. ड्रमच्या आत दरवाजाजवळ धातूच्या दोन पट्ट्या दिसतात, त्याच या. सॉफ्टनरचा आणि क्षारांचा थर बसला की ओल्या कपड्यांनाही ड्रायर कोरडं समजून थांबतो. व्हिनेगरच्या फडक्याने पट्ट्या पुसल्या की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. लवेची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करा. तेल लागलेली फडकी धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये घालू नका, उरलेलं तेल गरम ढिगात आपोआप पेटू शकतं.

वायफाय, मोठा स्क्रीन, वाफेचा प्रोग्रॅम यांवर पैसे घालू नका. पाणी तापवणारा हीटर मात्र हवा. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर किंवा त्याहून गरम चालवलं की आतली बुळबुळीत घाण आणि वास दोन्ही जातात. कमी फेसाचा साबण वापरा आणि वापरानंतर दरवाजा किलकिला ठेवा.

मशीन बसवण्याआधी पाण्याचा दाब बघा. बऱ्याच मशीनना किमान ०.५ बार लागतो. वरच्या टाकीतून पाणी येत असेल, तर टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंतच्या दर मीटर उंचीला ०.१ बार धरा. तीनच मीटर उंची असेल, तर पाणी भरायला वेळ लागून मशीन एरर दाखवू शकतं. मग छोटा प्रेशर पंप लावा किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल शोधा. मशीन आणि ड्रायर दोघांनाही अर्थिंगचा स्वतंत्र सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको. सांडपाण्याची नळी साधारण ६० सेंटीमीटर ते १ मीटर उंचीवर अडकवा. ती खाली राहिली तर भरलेलं पाणी भरता भरताच वाहून जातं. ड्रायर मशीनवर ठेवायचा असेल, तर त्याच मॉडेलसाठीचा स्टॅकिंग किट लावूनच ठेवा. हीट पंपाचा ड्रायर आडवा करून आणला असेल, तर तो उभा करून कंपनीने सांगितलेले तास थांबा आणि मगच चालू करा.

आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी मशीनच्या पाठीमागचे ट्रान्झिट बोल्ट काढा. तीन किंवा चार असतात, प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले. ते तसेच राहिले, तर पहिल्याच पिळण्याला मशीन जागेवरून चालत सुटतं आणि शॉक अब्सॉर्बरना मार बसतो. बोल्ट मोजून काढा, भोकांना सोबत आलेली झाकणं लावा आणि बोल्ट पिशवीत घालून मशीनच्या कागदपत्रांसोबत ठेवा. घर बदलताना तेच पुन्हा लावायचे आहेत.