घडीची सायकल

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि मी हॉलमध्ये तंबू पसरून बसलो. कोकणातून येऊन आठवडा झाला होता. तंबू धुतला, गच्चीत वाळवला, आता पिशवीत भरून माळ्यावर टाकायचा, एवढंच राहिलं होतं. पिशवी बेताच्या दुधीएवढी. हाच तंबू याच पिशवीतून निघालेला मी दुकानात माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. तरी तिसऱ्यांदा गुंडाळला आणि तिसऱ्यांदा अर्धा बाहेरच. दिवाणावर पाय वर घेऊन शब्दकोडं सोडवणारी आई चष्म्यावरून बघत होती.

"घडी घाल की नीट. बोळा काय कोंबतोयस?"

मी तिला समजावलं की तंबूची घडी घालायची नसते. दर वेळी त्याच रेषेवर दुमडला की पाणी अडवणारा लेप तिथंच तडकतो. म्हणून तो कोंबायचाच असतो.

"मग कोंब," म्हणाली आणि परत कोड्यात शिरली.

कोंबण्याचं कसब आमच्या घरात एका बाबांकडेच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघायचं म्हणजे आदल्या रात्री होल्डॉल जमिनीवर आडवा पडायचा. आत गाद्या, चादरी, टोकाच्या खिशांत उशा, आणि मग जिला जिला कुठंच जागा नाही अशी प्रत्येक वस्तू. चपला, छत्री, काकूसाठी घेतलेला लोखंडी तवा. गुंडाळी झाली की बाबा एका बाजूनं गुडघा रोवायचे आणि मला हुकूम सोडायचे, "बस वर." मी घोड्यावर बसल्यासारखा बसायचो. बाबा दातओठ खात पट्टा ओढायचे, बकल एक भोक पुढं सरकायचं आणि माझ्याखालून 'कट्' असा आवाज यायचा. काय मोडलं ते गावी पोचल्यावर कळायचं. एका वर्षी आईचा कंगवा होता.

तसं बघायला गेलं तर डोंबिवलीचं आमचं घरच घडीचं. दोन खोल्या, माणसं सात. रात्री वळकट्या उलगडायच्या, सकाळी सातच्या आत गुंडाळून भिंतीला लावायच्या, वर एक चादर टाकली की झाला सोफा. लोखंडी फोल्डिंगची कॉट फक्त पाहुण्यांसाठी उघडायची, आणि तिच्यात बोट चिमटून न घेता गेलेला पाहुणा मला तरी आठवत नाही. प्रवासाला फिरकीचा तांब्या, पावसाला घडीची छत्री, डब्यात घडीची पोळी.

चादरीची घडी मात्र दोघांचं काम. गॅलरीत एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मी. दोन कोपरे तिच्याकडे, दोन माझ्याकडे. आधी फडकन झटका, मग ताण, मग ती चालत माझ्याकडे यायची आणि तिचे कोपरे माझ्या चिमटीत द्यायची. जवळ आली की तिच्या हाताला निळीचा वास यायचा. ताणताना मी मुद्दाम जोर लावायचो, तिचा तोल जायचा, ती ओरडायची. एकदा तिनं ऐन ताणात चादर सोडून दिली. मी मागच्या मागे जाऊन शेजाऱ्यांच्या पिंपावर आपटलो. त्यानंतर ओढाओढी बंद.

अशा घरात वाढलेल्या माणसानं घडीची सायकल घेतली यात नवल नव्हतं. बायकोला नवल वाटलं ते किमतीचं. तिला मी सांगितलं नाही की मनात भरली होती ती ब्रॉम्प्टन ही विलायती घडीची सायकल. १९७५ च्या सुमारास अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनियरनं लंडनमधल्या आपल्या बेडरूममध्ये बसून तिचा पहिला आराखडा जमवला. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, म्हणून हे नाव. सायकलीला चर्चचं नाव आणि जन्म बेडरूममधला, म्हणजे जागेची अडचण काय असते ते त्या गृहस्थाला नक्की ठाऊक असणार. तिची चाकं १६ इंची, आणि मागचं चाक पोटाखाली दुमडलं की ती स्वतःच्या पायांवर शहाण्या मुलासारखी उभी राहते. मी किंमत वाचली आणि २० इंची चाकांची, जरा धसमुसळी, आपल्या ऐपतीतली सायकल घरी आणली.

तिच्यावर कोकण करायचं असं मी जाहीर करून टाकलं. जोडीला एक मित्र, त्याची सायकल साधी, मोठ्या चाकांची. हा मित्र सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. टूथब्रशचा अर्धा दांडा त्यानं करवतीनं कापला, का तर तेवढेच पाच-सहा ग्रॅम वाचले. मग त्याच बॅगेत पाऊण किलो बाकरवडी घेतली. बाकरवडी काट्यावर ठेवलेली मी पाहिली नाही.

ठरलं असं की मुंबईत भाऊच्या धक्क्यावर भेटायचं आणि तिथून लाँचनं रेवसला जायचं. मी हार्बर लोकलच्या पहिल्या गाड्यांपैकी एकीनं डॉकयार्ड रोडला उतरणार, सायकल घडी घालून डब्यात. घडीच्या सायकलीची हीच तर गंमत. पण चेंबूरच्या फलाटावर एक गोष्ट लक्षात आली, जी त्या सायकलीच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. घडी घालायची तर आधी सामान उतरवावं लागतं. मागच्या दोन पिशव्या, पुढची एक, वरची तंबूची दुधी, आणि सायकल. घडी घातली की एकाच्या पाच वस्तू होतात आणि हात तेवढेच राहतात, दोन. गाडीत चढलो तो पिशव्या दातात धरायच्या बाकी ठेवून. दुमडलेल्या सायकलीची साखळी बाहेरच्या बाजूला असते हे पांढऱ्या पॅंटमधल्या एका गृहस्थांना माझ्याआधी कळलं. रविवारी पहाटे पांढरी पॅंट घालून निघालेला माणूस लग्नाला तरी जात असणार नाहीतर भजनाला. मी तीनदा माफी मागितली. ते मशीद बंदरपर्यंत खिडकीबाहेर बघत असतील, मी आधीच उतरलो.

धक्क्यावर मित्र कटिंग पीत उभा होता. चेंबूरहून रिकाम्या रस्त्यानं सायकल मारत माझ्या आधी पोचलेला.

लाँचमध्ये मात्र माझी पाळी होती. बुळबुळीत पायऱ्या, खाली हलणारी लाँच. खलाशानं माझी सायकल बॅगेसारखी एका हातानं उचलून घेतली. मित्राच्या सायकलीला तिघं लागले आणि पेडल एकाच्या पोटरीला. रेवस येईपर्यंत मी त्याच्याकडे बघून मंद हसत होतो. पुढंही हेच. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, लोक वळून वळून बघताहेत, एक छोटा मुलगा वडिलांना विचारतोय, "बाबा, ही मोठी झाल्यावर किती मोठी होईल?"

या दोन बोटींच्या मधे जो रस्ता आहे, त्याच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. माझं चाक एका फेरीत दीड मीटर जातं, मित्राचं दोन मीटरच्या वर. ही तफावत गिअरवर भरून निघते आणि सपाटीला खरंच निघते. पण मोठं चाक खड्ड्यावरून जातं. लहान चाक खड्ड्यात उतरतं, आतली चौकशी करतं आणि मग वर येतं. मुरूडपर्यंत किती खड्डे आहेत हे मला मणक्यामणक्यानं माहीत आहे. त्यात मागचं कॅरिअर बुटकं आणि जवळ, त्यामुळं दर पायडलला टाच पिशवीला लागणार. चढावर उतरून ढकलू लागलो तर हँडलचा उभा दांडा कुरकुर करायचा, कर्ज मागायला आलेल्या नातेवाइकासारखा, नक्की काय हवंय ते न सांगता.

दोन दिवस खाऱ्या वाऱ्यात राहिल्यावर मधल्या बिजागरीची कळ हलेनाशी झाली. मुरूडच्या खानावळीतल्या काकू पोळ्या लाटत होत्या. एका हातानं पोळीवर तेलाचं बोट फिरवत त्यांनी माझी झटापट पाहिली आणि म्हणाल्या, "तेल लावल्याशिवाय पदर सुटतात होय?" आणि खोबरेलाची बाटली पुढं केली. कळ सुटली. त्यानंतर सबंध दिवस माझ्या सायकलीला न्हाऊन आलेल्या शाळकरी मुलीचा वास येत होता.

तंबूची रात्र दिवेआगरची. सुरूच्या बनाशेजारच्या एका वाडीत, मालकांना विचारून. मालक म्हणजे ऐंशीच्या घरातले आजोबा, कमरेला पंचा, हातात बॅटरी. त्यांनी तंबूभोवती एक फेरी मारली, कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"ओटी मोकळी आहे आमची. कापडात कशाला झोपताय?"

आता त्यांना कसं सांगणार? इतक्या लांबून वाहून आणलाय, तो वापरायला नको? मित्रानं दुमडत्या पायांची शेगडी काढली. वाऱ्यावर पाणी काही उकळेना. शेवटी आजोबांच्या सुनेनंच चहा पाठवला. खरं तर त्या रस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरला टपरी आहे, वडापाव आहे, ओटी आहे, आणि आम्ही हिमालयात निघाल्यासारखे कोरडी सुपं घेऊन हिंडत होतो. तंबू दोन माणसांचा म्हणून विकतात. ती माणसं एकमेकांची कोण असावीत हे पिशवीवर लिहिलेलं नसतं.

तीनच्या सुमाराला टपकन काहीतरी कपाळावर पडलं. पाऊस नव्हता. आम्हा दोघांचाच श्वास आतून कापडाला लागून थेंब होऊन गळत होता. बाहेर दहिवर, आत ही गळती, स्लीपिंग बॅगा ओल्या. कुणी काही बोललं नाही. आम्ही उठलो आणि अंधारात वाडीतून घराकडे चालू लागलो. आता इतक्या रात्री म्हाताऱ्या माणसाला उठवायचं, ही लाज वेगळीच.

उठवावं लागलं नाही. ओटीवर दोन चटया टाकलेल्या होत्या. पायथ्याशी दोन गोधड्या, घडी घालून.

सकाळी आजोबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. तंबू वाळत घालायला त्यांनी दोरी तेवढी दिली.

श्रीवर्धनला आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मित्र पुढं बाणकोटची फेरी धरून दापोलीकडे गेला, मी गुडघा धरून एसटी स्टँडवर. एसटीच्या पायरीशी कंडक्टर साहेबांनी माझ्या गाठोड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काय आहे हे?"

"सायकल."

"चालते का?"

"चालते."

"मग एसटीनं का?"

त्यांनी ती स्वतःच मागच्या डिकीत सरकवली, पिशव्यांसकट, आणि वर म्हणाले, "बरी आहे. गाडीत बसून फिरायला बरी आहे." टिंगल नव्हती त्यात. मला वाटतं, या सायकलीचं इतकं नेमकं परीक्षण दुसरं कुणी केलेलं नाही.

तर तंबू. चौथ्यांदाही बसला नाही तेव्हा आईनं कोडं बाजूला ठेवलं. "आण इकडे. धर दुसरं टोक." मी लेपाचं पुन्हा सुरू केलं, तिनं ऐकून घेतलं नाही. दोन कोपरे तिच्याकडे, दोन माझ्याकडे. एक झटका, हॉलभर दिवेआगरची वाळू. धुऊनही उरलेली. मग ताण. ती आता चालत येत नाही, गुडघे दुखतात, तेव्हा मीच गेलो आणि कोपरे तिच्या चिमटीत दिले. लांबट घडी झाली, घट्ट सुरळी झाली, आणि दुधी एकदाची भरली. मी दोरी ओढून गाठ मारली, पिशवी हातात घेऊन जरा लांबून पाहिली.

खुंट्यांची पुडी दिवाणावर तशीच होती.

"राहू दे," आई म्हणाली आणि पेन शोधू लागली. "पुढच्या वेळेलाही ओटीवरच झोपणार आहेस."