उपग्रहाला चेहरा दिसत नाही, तरीही

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिल्याची बातमी आली. खर्च सुमारे २७ हजार कोटी रुपये. २१ उपग्रह इस्रोने बांधायचे आणि ३१ खासगी कंपन्यांनी. मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे वर्गातली मुले, नात्यातले शेतकरी आणि सोसायटीतले शेजारी तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आहेत: वरून आपण दिसतो का? या प्रश्नामागची अस्वस्थता मला खरी वाटते आणि ती हसण्यावारी नेणे मला पटत नाही. मात्र लोक मान वर करून ज्या गोष्टीला घाबरतात, तिच्यापेक्षा गंभीर गोष्ट जमिनीवर, कागदपत्रांत आणि चौकाचौकांत घडते आहे, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष नाही.

आधी आकाशाचे पाहू. दुर्बिणीला किती बारीक दिसेल, हे तिच्या आरशाचा व्यास आणि प्रकाशाची तरंगलांबी ठरवते. कितीही पैसा ओतला तरी या मर्यादेपलीकडे जाता येत नाही. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांचा कारभार पाहणाऱ्या एनआरओ या संस्थेने २०१२ साली वापरात नसलेल्या दोन दुर्बिणी नासाला देऊन टाकल्या. त्यांच्या आरशांचा व्यास २.४ मीटर होता, म्हणजे हबल दुर्बिणीइतकाच. एवढ्या आरशाने ३०० किलोमीटर उंचीवरून पाहिले, तर सैद्धांतिक मर्यादा सात-आठ सेंटिमीटरांच्या आसपास येते. वातावरणाची थरथर धरली, तर प्रत्यक्षात ती आणखी वाढते. आपला कार्टोसॅट-३ हा उपग्रह नोव्हेंबर २०१९ मध्ये सुमारे ५०९ किलोमीटर उंचीवर सोडण्यात आला. त्याच्या कृष्णधवल चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण २५ सेंटिमीटरांएवढा असतो. वरून पाहिले तर माणूस म्हणजे खांद्यांची रुंदी, म्हणजेच दोन ठिपके. चेहरा नाही, हातातला कागद नाही, गाडीचा नंबर नाही.

शिवाय असा उपग्रह एका जागी थांबत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटरांच्या वेगाने तो धावतो, नाशिक ते मुंबई हे हवाई अंतर वीसेक सेकंदांत कापतो आणि काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. जो ३६ हजार किलोमीटरांवर स्थिर राहतो, त्याला एवढ्या लांबून माणूस दिसणे शक्य नाही. उपग्रह कधी येणार हे आधी काढता येते, आणि याचा उपयोग आपल्याच देशाने करून घेतला आहे. १९९५ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांनी टिपली आणि चाचणी लांबली. ११ मे १९९८ च्या चाचणीपूर्वी मात्र उपग्रहांच्या वेळा सांभाळून, रात्रीच्या अंधारात काम उरकण्यात आले. पावसाळ्यात तर त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांवर ढग बसले की साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला इथले काही दिसत नाही. ढगांतून आणि अंधारातून पाहायला रडारचा उपग्रह लागतो. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २००९ मध्ये, आपण रिसॅट-२ सोडला तो याच गरजेपोटी.

अशा उपग्रहांना माझा विरोध नाही. देवळालीचे तोफखाना केंद्र, ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला देशाची काही गुपिते राखावी लागतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही. सीमेवर नजर ठेवणे हे सरकारचे कामच आहे. नजर सीमेकडून आत वळते, तिथून माझे प्रश्न सुरू होतात.

माझे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षे करतात. मागच्या दिवाळीत मी त्यांना मोबाइलवर त्यांच्याच मळ्याचे उपग्रहचित्र दाखवले. वेलींच्या ओळी वहीतल्या रेघांसारख्या स्पष्ट होत्या, शेततळ्याचा निळा चौकोन उठून दिसत होता, शेडचे पत्रे आणि त्याशेजारी उभ्या पिकअपचा पांढरा ठिपकाही कळत होता. माणसे कुठेच नव्हती. मी समजावले की वरून माणूस ओळखता येत नाही, त्यामुळे काळजीचे कारण नाही. त्यांनी चित्र बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘आगं, मी नाही दिसलो तरी शेततळं दिसतंय ना? गट नंबर टाकला का सातबाऱ्यावर माझं नाव येतं. मग मला बघायची गरजच काय?’

माझ्या सगळ्या गणितापेक्षा हे उत्तर नेमके होते. उपग्रहाच्या चित्राला नाव नसते. नाव जमिनीवरच्या नोंदींतून मिळते. गटांचे नकाशे संगणकावर आले आहेत, सातबारा घरबसल्या निघतो, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकरी स्वतःच शेतात उभा राहून पिकाचा फोटो स्थान-नोंदीसह पाठवतो. यातली एकेक गोष्ट उपयोगाची आहे. गारपिटीनंतर पंचनाम्यासाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला उपग्रहाचे चित्र मदतच करू शकते, आणि मामांनाही ते नको आहे असे नाही. ‘पिकाचं नुकसान दिसावं म्हणून बघा की, पण आमचं बाकीचं कशाला?’ एवढेच त्यांचे म्हणणे आहे. कोणत्या कामासाठी माहिती घेतली आणि कोणत्या कामासाठी वापरली, यातल्या फरकावर मोठमोठे कायदेपंडित जे सांगतात, ते याहून फार वेगळे नाही.

नोंदी एकमेकींना जोडल्या की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने दिले आहे. तिथे पोलिसांनी विमानात कॅमेरे लावून शहराचा मोठा भाग दिवसभर चित्रित करायला सुरुवात केली. २०१६ मध्ये हे आधी गुपचूप झाले आणि २०२० मध्ये उघडपणे. त्या चित्रात माणूस म्हणजे निव्वळ एक ठिपका होता आणि ‘यात कोणी ओळखू येत नाही’ हाच पोलिसांचा बचाव होता. पण ठिपका संध्याकाळी ज्या घरात शिरतो आणि सकाळी ज्या घरातून निघतो, तिथे त्याचे नाव मिळते. रस्त्यावरचे कॅमेरे आणि गाड्यांचे नंबर टिपणारी यंत्रे उरलेले काम करतात. २०२१ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, ती याच कारणाने. उपग्रहांना हे आज साधत नाही, कारण ते सतत डोक्यावर नसतात. मात्र एकाऐवजी ५२ उपग्रह फिरू लागले की दोन फेऱ्यांमधली फट कमी होत जाते, आणि बाकीची फट भरायला आपल्या खिशातला फोन आहेच.

आता त्या फोनकडे वळायला हवे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला काही बंधने घातली: आदेश गृहसचिवांच्या पातळीवर निघावा आणि समितीने त्याची फेरतपासणी करावी. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. सरकारला त्यात शिरायचे असेल, तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. कागदावर हे सगळे उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होते, ते वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात वाचायला मिळते. केंद्राकडून दरमहा साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे आदेश निघतात असे माहिती अधिकारात समोर आले होते, आणि फेरतपासणी करणारी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश. आठ तास न उठता काम केले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. या साखळीत न्यायाधीश कुठेही नाही: आदेश काढणारे सरकारी सचिव आणि तो तपासणारेही सरकारी सचिवच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे सुधारेल अशी माझी अपेक्षा होती. त्याच्या १७ व्या कलमाने तर सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाखाली सरकारला हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून वगळण्याची मुभा दिली. ‘मी काही गुन्हा केलेला नाही, मग मला कसली भीती’ असे म्हणणाऱ्या सुशिक्षित मित्रांना मी हे आकडे नेहमी सांगते. निरपराध माणसाला सोडून देण्यासाठीसुद्धा कोणीतरी त्याचा कागद वाचावा लागतो.

नियम नसले की साध्या कॅमेऱ्याचे काय होते, हे पाहायला दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत चोरीच्या भीतीने प्रवेशद्वारावर कॅमेरे बसले, सगळ्यांनी आनंदाने वर्गणी दिली. सहा महिन्यांनी तिथल्या एका पदाधिकाऱ्याने वॉकिंग ट्रॅकवर, चारचौघांत, एका गृहस्थांना स्वतःच्या मोबाइलवर चित्रण दाखवले: त्यांची नोकरी करणारी मुलगी रात्री साडेअकराला कोणाच्या मोटारसायकलवरून उतरली ते. मी तिथे उभी होते. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण मुलीची संध्याकाळची शिफ्ट पुढच्या महिन्यात बंद झाली. चोरी पकडायला लावलेल्या त्या कॅमेऱ्याने तोवर चोर पकडला नव्हता. चित्रण कोणाच्या फोनवर असावे, किती दिवस ठेवावे, कोणाला दाखवावे, यावर सोसायटीच्या सभेत कधी एक ओळही लिहिली गेली नव्हती. हेच चित्रण शहराच्या पातळीवर, चेहरा ओळखणाऱ्या संगणकासह कोणाच्या हाती गेले तर काय होईल, या विचाराने मला झोप लागत नाही.

आणि नाशिकपुढे तो प्रसंग आलेला आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी कॅमेरे, ड्रोन, गर्दी मोजणारी यंत्रणा यांची चर्चा शहरात सुरू आहे. या व्यवस्थेची गरज मी नाकारत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या गल्ल्यांत गर्दी कुठे तुंबते आहे हे वेळेत कळले असते, तर त्यातले कितीतरी वाचले असते. पण यंत्रे बसवली म्हणजे काम झाले, असेही नाही. प्रयागराजला २०२५ च्या कुंभमेळ्यात अडीच हजारांहून अधिक कॅमेरे होते, आणि तरीही २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार ३० माणसे दगावली. गर्दी मोजायला डोकी मोजावी लागतात; त्यासाठी चेहऱ्यांची नावे लागत नाहीत. या दोन कामांची यंत्रणा वेगळी ठेवता येते, आणि ती वेगळी ठेवा हे आत्ताच सांगायला हवे.

उपग्रहांबद्दल मी माहिती मागितली, तर सुरक्षेच्या कारणाने ती नाकारली जाईल, कारण माहिती अधिकार कायद्यातच तशी तरतूद आहे. चौकातल्या कॅमेऱ्यांबद्दल मात्र स्थानिक यंत्रणांना उत्तर द्यावे लागते, किंवा नकाराचे कारण तरी लिहून द्यावे लागते. म्हणून मी अर्ज तयार केला आहे. सिंहस्थासाठी बसणाऱ्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखण्याची सोय आहे का. असल्यास ती कोणत्या कायद्याच्या आधाराने आणि कोणाच्या नोंदींशी चेहरे ताडून पाहणार. चित्रण ठेवणारी कंपनी ते इतरत्र वापरू शकते का. आणि पर्वणी उरकून भाविक घरी गेल्यावर किती दिवसांनी ते पुसले जाणार, पुसल्याची नोंद कोण ठेवणार. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. ज्यांना हे प्रश्न आपले वाटतात, त्यांनी आपापल्या नावाने ते पाठवावेत, आणि लवकर पाठवावेत, कारण निविदा निघून कामाचे आदेश दिले गेले की चित्रण पुसण्याची अट करारात नंतर घालायला कोणी तयार होत नाही.