राजगड ते तोरणा, आणि माळ्यावरचे बूट

राजगडाच्या आळू दरवाजातून उतरून जेमतेम वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात माझ्या डाव्या बुटाने आ वासला. ठेच नाही, दगडात पाय अडकणं नाही. टाच जागेवर राहिली आणि पुढचा अख्खा तळवा लोंबायला लागला. मागून भाच्याचा आवाज आला, "मावशी, तुझा बूट हसतोय बघ."

जागा अशी होती की मागे राजगडाची संजीवनी माची, पुढे तोरण्यापर्यंत पसरलेली डोंगरसोंड, आणि दोन्ही बाजूंना खाली उतरणारं वाळकं गवत. तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे गाठायला अजून आठ-नऊ तास. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

बूट भारीतले होते, सात-आठ ट्रेकच झालेले. मधली चार वर्षं मात्र माळ्यावर, खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला वाटायचं की आपण ते जपून ठेवलेत. सोल आणि वरचं चामडं यांच्यामध्ये जो मऊ थर असतो तो बऱ्याच बुटांत पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षं आतल्या आत खचत जातो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आत भुगा. पुण्याचे चार पावसाळे त्या खोक्याने माळ्यावर काढले होते. निघायच्या आदल्या रात्री मी बूट काढले, फडक्याने पुसले, नाड्या ओवल्या आणि झोपले. आठवडाभर आधी घालून भाजी आणायला गेले असते तर ते मंडईतच तुटले असते आणि रिक्षाने घरी येता आलं असतं. तुमचेही बूट माळ्यावर असतील तर आजच काढा, सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबा. भेग दिसली किंवा पीठ पडलं तर त्या बुटांवर विसंबू नका.

आता पहिल्यापासून सांगते. जानेवारीतला शनिवार-रविवार. आम्ही तिघं: मी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा (पहिलाच ट्रेक), आणि बँकेत नोकरी करणारी माझी मैत्रीण, जी पंचवीस वर्षं सह्याद्री हिंडते आहे आणि कमी बोलते. पायथ्याच्या गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड, पद्मावती माचीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून तोरणा आणि संध्याकाळपर्यंत वेल्हे. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं असल्याने स्वतःची गाडी नेऊ नका, ती गुंजवण्यात अडकून पडते. आम्ही जाताना जीप केली, येताना वेल्ह्याहून एसटी.

आदल्या आठवड्यात भाच्याची सॅक आमच्या घरी भरून झाली. सामान मोजायच्या काट्याला टांगली तर तेरा किलो! पोरगं अठ्ठावन्न किलोचं. वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं पाठीवर नको, हा आमच्याकडचा ढोबळ हिशोब. मग सगळं सतरंजीवर ओतलं. दोन जीन्स, एक जाड ब्लँकेट, ब्लूटूथ स्पीकर, स्टीलचा डबा, अर्धा लिटर परफ्यूम असावा अशी बाटली, आणि वीस मीटर नायलॉनची दोरी. "दोरी कशाला रे?" "कुणी पडलं तर." बांधता येत नाही, कशाला बांधायची ते ठाऊक नाही, अशी दोरी म्हणजे नुसतं ओझं आणि खोटा धीर. ती घरी राहिली. जीन्स राहिल्या, कारण घामाने भिजलेली जीन्स गुडघ्याला चिकटते आणि लवकर वाळत नाही. स्पीकर तर मी हिसकावूनच घेतला. परफ्यूमचं कारण वेगळं: या किल्ल्यांच्या कड्यांवर आग्यामाश्यांची मोहोळं असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी त्या उठतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंड झाकता येईल असा मोठा रुमाल हे सामान उन्हासाठी जितकं, तितकंच माश्यांसाठीही.

चिकटपट्टीचं एक रुंद भेंडोळंही त्याच्याकडे होतं, इलेक्ट्रिशियन वापरतात तसलं. तेही काढ म्हटलं होतं मी. त्याने ऐकलं नाही. या गोष्टीचा उल्लेख घरात आता रोज होतो.

शेवटी पाणी धरून सॅक साडेदहाला आली. पाण्याला इलाज नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि राजगड सोडला की तोरण्याच्या माथ्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. मधल्या खिंडीतल्या टपरीवर सरबत-पाणी मिळतं, पण टपरीवाला त्या दिवशी आला असेल तर. माणशी किमान तीन लिटर घ्याच, फेब्रुवारीनंतर चार. एकाच मोठ्या बाटलीपेक्षा एकेक लिटरच्या तीन बऱ्या: एक फुटली तरी दोन उरतात, आणि किती संपलं ते कळतं. नळीची पाण्याची पिशवी सोयीची खरी, पण आत किती उरलंय ते दिसत नाही. मैत्रीण ती वापरते आणि बरोबर एक साधी बाटलीही ठेवते.

गुंजवण्यापासूनची वाट सुरुवातीला सोपी आहे. चोर दरवाजाच्या खाली कातळ लागतो, तिथे रेलिंग आहे. सॅकच्या कमरपट्ट्याचं महत्त्व भाच्याला इथे पटलं. तोवर तो पट्टा नुसता लोंबत होता आणि सगळं ओझं खांद्यांवर. पट्टा कमरेच्या हाडावर आवळला की खांदे मोकळे होतात आणि सॅक मागे ओढत नाही. कातळावर मागे ओढणारी सॅक म्हणजे कॉलर धरून कुणीतरी खेचत असल्यासारखं वाटतं. जड सामान पाठीला चिकटून मधोमध, हलकं खाली नि बाहेरच्या अंगाला. बाहेर पेला, चपला, भांडी लटकवू नका. कारवीच्या झुडपांत अडकतात.

दुपारी पद्मावती माचीवर पोचलो. सॅका ठेवून, फक्त पाणी घेऊन बालेकिल्ला केला. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. मैत्रिणीला याचं मनापासून वाईट वाटतं, जणू दोन भावांपैकी एकालाच लग्नाचं आमंत्रण आलंय.

मुक्कामाचे नियम बदलत असतात, म्हणून गुंजवण्यात विचारूनच वर जा. पिठलं-भाकरीची सोय गावातले लोक करतात, आधी सांगून ठेवलंत तर चूल आणि शिधा वाहून न्यायची गरज पडत नाही. रात्री शिकलो ते एवढंच की थंडी वरून येते त्याहून जास्त खालून येते. भाच्याची स्लीपिंग बॅग माझ्यापेक्षा जाड, पण त्याने कॅरीमॅट 'नुसता फोम तर आहे' म्हणून घरी ठेवली होती. फरशीने रात्रभर त्याची ऊब शोषून घेतली. दोन वाजता तो उठून बसला आणि आपली रिकामी सॅक पाठीखाली अंथरली. कॅरीमॅटचं वजन नगण्य आहे हो, न्या. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक कोरडा जोड कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवा, आणि काहीही झालं तरी दिवसा त्यांना हात लावू नका.

रविवारी साडेपाचला निघालो, अंधारातच. डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाची वेगळी हवी, तिघांत एक नाही. मोबाइलचा उजेड पुरतो, पण एक हात त्यातच गुंततो, आणि संजीवनी माचीवर हात मोकळे हवेत. माची तीन टप्प्यांत उतरत जाते, लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. दुहेरी तटबंदीच्या कडेने आळू दरवाजापाशी आलो तेव्हा पूर्वेला लाली होती. दरवाजाखालची उतरण म्हणजे घसारा, पायाखालून सरकणारी माती-खडी, आणि वर वाळकं गवत. बुटाच्या तळाला खोल खाचा असायला हव्यात त्या अशा ठिकाणी. आणि उतारावर बोटं पुढे आपटतात, म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. किंमत मोजलीच पाहिजे असंही नाही. सह्याद्रीत अर्धी जुनी मंडळी अॅक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट घालून कातळावर चढतात. भाच्याच्या पायात तेच होते.

आणि माझ्या पायात, आधी सांगितलं ते.

पहिला उपाय चिकटपट्टीचा. पुढून चार वेढे. दहा मिनिटांत दगडांनी ते फाडले. मग मैत्रिणीने सॅकमधून सुतळी काढली, नाडीच्या कड्यांतून ओवून तळव्याखालून घेतली आणि गाठी वर मारल्या. ती पाऊण तास टिकली. मी पाय बदकासारखा सपाट टाकत चालत होते आणि चालण्याचा वेग निम्मा झाला होता. उजवा गुडघाही कुरकुरू लागला, कारण सगळा भार त्याच्यावर. इथे काठी उपयोगी पडली. काठी न्याच. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची, उतारावर थोडी लांब. घडी होणाऱ्या दोन काठ्या नसतील तर गावात एक बांबू मागून घ्या.

दहाच्या सुमाराला खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, तिथे पोचलो. टपरीवाला आला होता. सरबत देता देता त्याने पायाकडे पाहिलं, काही न बोलता टपरीच्या वाशाला बांधलेली मोटारसायकलच्या ट्यूबची पट्टी सोडली, विळ्याने तिचे दोन तुकडे केले आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. "ताई, पाय घट्ट रोवा. दोन वेढे चवड्यापाशी, दोन टाचेपाशी. मधे नको, मधे खडा बसतो." ताणून बसवलेलं ते रबर घासतही नव्हतं आणि सरकतही नव्हतं. पैसे विचारले तर सरबताचेच घेतले. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणून दोन बोटं रुंदीच्या चार पट्ट्या कापल्या. त्या आता सॅकच्या वरच्या कप्प्यात असतात. त्याच कप्प्यात क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टी, मीठ-साखरेची पाकिटं, रोजची औषधं आणि शिट्टी. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. ही डोंगरातली ठरलेली खूण आहे, आणि घसा बसला तरी शिट्टी वाजते. फोनमध्ये 112 सोबत महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्यापूर्वीच साठवून ठेवा. नकाशाही आधीच उतरवून ठेवा, कारण सोंडेवर रेंज येते-जाते आणि ती शोधण्यात बॅटरी संपते.

खिंडीनंतर चढ, रान, पुन्हा उघडा माथा. मोज्यांत कुसळं घुसतात, ती काढत बसावं लागतं. पायघोळ पँटचं तोंड मोज्यांवर नीट ओढून बसवलंत तर निम्मी कमी होतात. ऊन कडक होतं, भाच्याची टोपी पुढे छज्जा असलेली, मानेवर काहीच नाही. मान संध्याकाळी टोमॅटोसारखी. गोल काठाची टोपी घ्या, फोटोत कशीही दिसू दे.

तोरण्याच्या बुधला माचीच्या कातळटप्प्याखाली मैत्रीण थांबली. "बूट काढ," एवढंच म्हणाली. काढले. दोन्ही बूट नाड्या एकमेकींत बांधून तिने तिच्या सॅकमध्ये टाकले, माझी सॅक भाच्याने पुढे छातीवर घेतो म्हटलं तर तिने त्याला गप्प केलं, कारण छातीवर सॅक घेतली की पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही. आधी ती चढली, मग सॅका वर गेल्या, मग मी अनवाणी. तापलेला बेसॉल्ट, खडबडीत, बोटं नेमकी खाचेत बसत होती. खरं सांगायचं तर आख्ख्या ट्रेकमध्ये पायांना सर्वात जास्त खात्री वाटली ती तिथेच. पण म्हणून अनवाणी जा असं नाही म्हणत मी. वर पोचल्यावर पहिल्या पाच पावलांतच काटा भरला.

कोकण दरवाजातून आत, मेंगाई देवीच्या देवळापाशी जेवण. टाक्याचं पाणी फडक्यातून गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून, अर्धा तास थांबून प्यायलो. तोरणा 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वात उंच किल्ला, आणि त्याला तुम्ही दोनच तास देऊ शकता हे या ट्रेकचं दुःख. झुंजार माची वरूनच पाहिली. अडीच-तीनच्या पुढे वर रेंगाळू नका. बिनी दरवाजाखालच्या उतरणीला थकलेले गुडघे घाई करतात आणि तिथेच लोक घसरतात.

पाचच्या थोडं नंतर वेल्ह्यात. भाच्याची सॅक उघडून बघितलं तर त्याने नेलेल्यापैकी तीन कपडे न वापरलेले, बिस्किटाचे चार पुडे तसेच, आणि पाणी शून्य. पुढच्या वेळची यादी त्याने तिथेच फोनवर लिहायला घेतली. कॅरीमॅट सगळ्यात वर, अधोरेखित.

एसटी आली. पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, वजन टाकलं, आणि तो तळवा, जो दिवसभर मुकाट चालला होता, पायरीवरच राहिला. मी आत, तळवा बाहेर. कंडक्टरने एकदा माझ्याकडे, एकदा त्या रबराच्या तुकड्याकडे पाहिलं. "बाई, तो आत घ्या नाहीतर खाली टाका, दार लावायचंय."