सहा टॅकल आणि एकच वाट

लीड्स, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

काल हेडिंग्लीवर इंग्लंडने ॲशेसचा तिसरा कसोटी सामना ३०-८ असा गमावला आणि ऑस्ट्रेलियाने मालिका ३-० अशी जिंकली. महाराष्ट्रातल्या वाचकांना ॲशेस म्हटले की क्रिकेट आठवते, पण रग्बी लीगचीही ॲशेस असते. २००३ नंतर ती पहिल्यांदाच या वर्षी खेळवली गेली आणि इथल्या उत्तरेकडच्या गावांनी तिची बावीस वर्षे वाट पाहिली होती. ब्रिटनने (तेव्हा इंग्लंडऐवजी ब्रिटनचा संघ खेळत असे) ही मालिका शेवटची जिंकली ती १९७० मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर, त्यामुळे आपण जिंकूच अशा भाबड्या आशेने कोणी मैदानावर गेले नव्हते. हरण्याचे दुःख सोसता येते. काल रात्री मला झोप लागली नाही, ती हरलो म्हणून नव्हे, तर कसे हरलो ते आठवून.

मी दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये, उभ्याने सामना पाहणाऱ्यांच्या गर्दीत होते. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांना या खेळाची खडान्‌खडा माहिती होती. इंग्लंडच्या हाती चेंडू आला की ते हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच, पुढे काय होणार ते सांगत. आता मधून धडक. पुन्हा मधून. आता उजवीकडे एक पास आणि तिथेच टॅकल. आता उंच किक. त्यांचे बोलणे संपायच्या आत मैदानावर तेच घडत असे. थोड्या वेळाने आमच्या पुढच्या रांगेतली दोन-तीन तरुण मुलेही तसेच सांगू लागली आणि त्यांचेही अंदाज चुकत नव्हते. त्यात कुणालाही मजा वाटत नव्हती. किक नेमकी त्यांच्या अंदाजाप्रमाणे उडाली आणि ऑस्ट्रेलियाच्या फुलबॅकने, म्हणजे सर्वांत मागे उभ्या असलेल्या खेळाडूने, ती पावलेही न हलवता झेलली, तेव्हा आजोबांनी मान खाली घातली. जे मला आणि त्या मुलांना स्टँडमधून दिसत होते, ते दहा मीटरवर उभ्या असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या तेरा खेळाडूंना दिसत नसेल, असे मानायला काहीच आधार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. टॅकल म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणे. रग्बी लीगमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला सलग सहा टॅकल मिळतात. टॅकल झालेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि त्याच्या मागे उभा असलेला सहकारी तो उचलून पुढचा डाव सुरू करतो. त्या वेळी बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जावे लागते. सहाव्या टॅकलला चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुधा किक मारली जाते. आपल्याकडच्या वाचकाला हे कबड्डीवरून चटकन कळेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरोची असते, आणि तिथे गडी एकाच कोपऱ्याकडे जाणार हे बचावफळीला आधीच ठाऊक असेल, तर पकड चढाई सुरू होण्यापूर्वीच पक्की झालेली असते. इंग्लंडने या मालिकेत पहिले चार टॅकल रिकाम्या चढायांसारखे घालवले आणि सगळा भार पाचव्यावर टाकला.

या खेळीच्या बाजूने बोलणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे मी नीट ऐकले आहे. ऑस्ट्रेलियासारख्या संघापुढे हातून चेंडू सुटला तर शिक्षा लगेच होते, म्हणून आधी चुका टाळाव्यात, सहाही टॅकल पूर्ण करावेत, चेंडू त्यांच्या गोलरेषेजवळ लाथाडावा आणि मग बचावाने त्यांना दमवावे, असा तो विचार आहे. त्यात तथ्य आहे. एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमवर झालेल्या दुसऱ्या सामन्यात इंग्लंडच्या बचावाने जिवाचे रान केले आणि गुणफलक १४-४ वर रोखून धरला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्या चार गुणांकडे पाहा. ते दोन पेनल्टी किकचे आहेत. ऐंशी मिनिटांत एकही ट्राय नाही, म्हणजे एकदाही चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला नाही. त्याच्या आधी वेम्बलीवर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर २६-६ असा पराभव झाला, त्यातला एकमेव ट्राय सामना हातचा गेल्यावर मिळाला. चूक टाळता टाळता संघ गुण मिळवायचेच विसरला, तर त्या शिस्तीचे करायचे काय?

मला वाटते, या रोगाचे मूळ या मालिकेत नाही, आधीच्या विजयांत आहे. २०२३ मध्ये इंग्लंडने टोंगाला ३-० ने हरवले, २०२४ मध्ये सामोआला २-० ने. दोन्ही वेळा घरचे मैदान होते, पाहुणे संघ लांबलचक मोसमानंतर थकून आलेले होते, आणि मधून धडक मारून शेवटी किक करण्याची पद्धत पुरेशी ठरली. पुरेशी ठरलेली गोष्ट मग कुणी तपासून पाहत नाही. खरे तर इशारा त्याच्याही आधी मिळाला होता. २०२२ च्या विश्वचषकात इंग्लंडने पहिल्याच सामन्यात सामोआचा ६०-६ असा धुव्वा उडवला होता. महिन्याभराच्या आतच उपांत्य फेरीत तोच सामोआ समोर आला आणि अतिरिक्त वेळेतल्या एका ड्रॉप गोलने (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या किकने) २७-२६ असा जिंकून गेला. चार आठवड्यांत सामोआने आपल्याला वाचून घेतले, आपण मात्र ६०-६ च्या आनंदात राहिलो. त्या रात्रीची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली, पण त्यातून खेळात काय बदलायचे याची चर्चा मला फारशी ऐकू आली नाही.

ऑस्ट्रेलियासुद्धा दर डावाला काही नवे करत नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण ‘नवीन चाली हव्यात’ अशी ओरड सगळीकडे चालू आहे आणि मला ती अपुरी वाटते. त्यांची एक ठरलेली मांडणी वेम्बलीपासून कालपर्यंत पुन्हा पुन्हा दिसली. हाफबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, चेंडू घेऊन बचावफळीच्या अगदी तोंडाशी जातो, एक धिप्पाड खेळाडू त्याच्या पुढून तिरपा धावतो आणि त्या खेळाडूच्या पाठीमागून फुलबॅक रीस वॉल्श वेगाने बाहेरच्या बाजूला वळतो. एवढे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसते ते हे, की चेंडू पुढच्याला मिळेल, मागून येणाऱ्या वॉल्शला मिळेल की हाफबॅक तो स्वतःपाशीच ठेवेल. हा निर्णय शेवटच्या क्षणी, समोरच्या बचावपटूचा खांदा कुठे वळला ते पाहून होतो. वॉल्शने वेम्बलीवर दोन ट्राय केले त्यामागे त्याचा वेग आहेच, पण त्याच्या आधी त्या एका क्षणाचा थांबा आहे. इंग्लंडचा चेंडू मात्र बचावफळीपासून पाच-सहा मीटर दूर असतानाच हातातून सुटतो. निर्णय आधीच झालेला असतो, आणि म्हणून तो सगळ्यांना वाचता येतो.

ही चीड इथे इतकी खोल का आहे, हे समजायला या खेळाचा जन्म आठवावा लागतो. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जुन्या रग्बी संघटनेतून बाहेर पडले, ते खाणी-गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यावी या मागणीवरून. शनिवारच्या सामन्याला येणारा प्रेक्षकही तसाच कष्टकरी होता आणि तिकिटाचा पैसा तोच देत होता, म्हणून खेळ त्याच्यासाठी मोकळा आणि वेगवान राहावा याची काळजी पहिल्यापासून घेतली गेली. १९०६ मध्ये खेळाडू पंधरावरून तेरावर आणले, ते मैदानात जागा निर्माण व्हावी म्हणून. एखादा संघ चेंडू धरून बसला की सामना कंटाळवाणा होतो, हे लक्षात आल्यावर १९६६ मध्ये चार टॅकलची मर्यादा घातली गेली आणि पुढे ती सहा झाली. इतक्या पिढ्यांनी नियम बदलून ज्या आक्रमणासाठी जागा करून दिली, ती जागा आपला राष्ट्रीय संघ वापरतच नाही, हे त्या आजोबांना पराभवापेक्षा जास्त झोंबत होते आणि मलाही झोंबते.

माझा मुलगा इथल्या एका हौशी क्लबच्या चौदा वर्षांखालच्या संघात खेळतो. सामन्यानंतर घरी चालत येताना त्याने विचारले, “आई, आम्हाला सर सांगतात की चेंडू घेतल्यावर आधी मान वर करून समोर बघ, मग पास दे. मग हे का बघत नाहीत?” मी त्याला म्हटले, “अरे, हे सगळे लहानपणी तसेच खेळले आहेत. त्यांनाही दिसते.” ते मी खरेच मानते. यातले बरेच जण आपापल्या क्लबकडून खेळताना दुसऱ्याच टॅकलला चेंडू रुंद फिरवतात, टॅकल होत असतानाच एका हाताने मागे सरकवतात, तिसऱ्यालाच बचावामागे छोटी किक टाकतात. हे मी याच मैदानावर, याच स्टँडमधून पाहिलेले आहे. देशाचा सदरा अंगात घातला की ती सगळी सूट काढून घेतली जाते.

विश्वचषक पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, मुख्यतः ऑस्ट्रेलियात आहे. तोपर्यंत वर्षसुद्धा उरलेले नाही आणि कसोटीचे सराव सामने मोजकेच मिळतील. त्यांत इंग्लंडने चेंडू बचावफळीच्या तोंडाशी नेणारे दोन हाफबॅक निवडावेत, त्यांना एकत्र खेळू द्यावे आणि पहिल्या चार टॅकलमध्ये चूक झाली तर संघाबाहेर काढले जाणार नाही, असे त्यांना आताच सांगावे. त्यात एखादा सामना चाळीस गुणांनी गेला तरी मी तक्रार करणार नाही.